चिचुंद्रीचे काळीज

"चिचुंद्रीचे हृदय स्वतः साखर घडवते." शीतकपाटाच्या चकचकीत दारापुढे उभे राहून त्याने व्याख्यानाचे पहिले वाक्य पुन्हा म्हटले, आणि ते त्याला पुन्हा आवडले. शेजारच्या सभागृहात खुर्च्या भरत होत्या. पहिल्या रांगेत त्याचे गुरू बसले होते. हृदय साखर जाळते, घडवीत नाही, हा त्यांचा हयातभराचा सिद्धान्त. आज शिष्य तो मोडणार होता.

त्याला तिळमात्र शंका नव्हती. साखर घडवणारे विकर त्याने उंदराच्या आणि हॅमस्टरच्या अवयवांत मोजले होते; यकृतात ते भरपूर, हृदयात नावालाही नाही. चिचुंद्रीच्या पहिल्याच नमुन्यात मात्र विकराच्या आकड्याने उसळी घेतली. मोजमाप त्याने फिरफिरून पडताळले. आकडे हलले नाहीत. तोही हलला नाही.

खिडकीशी बायको नळ्या विसळत होती. प्रयोगशाळा दोघांची; विच्छेदनात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. चिचुंद्रीचा तो नमुना तिनेच काढून, वाटून, गोठवून दिला होता.

"हृदय?" ती थांबली. "कुणाचं हृदय?"

"चिचुंद्रीचं. तू दिलेलं."

"मी काळीज दिलं. तूच म्हणालास, तेवढं चिचुंद्रीचं काळीज काढून दे."

"काळीज म्हणजे हृदयच ना?"

"तुमच्या घरी, कवितांत. मी खाटकाची लेक. आमच्या दुकानात काळीज मागणाऱ्याला हृदय बांधून दिलं असतं, तर गिऱ्हाइकानं पुडी तोंडावर मारली असती. काळीज म्हणजे यकृत, राजा. हृदय तुझ्या पाठीमागच्या कपाटात शाबूत आहे."

तो स्टुलावर टेकला. भिंतीपलीकडे गुरूंचा ओळखीचा खोकला ऐकू आला.

"आता सरांना काय सांगू?"

"खरं ते. यकृत झालं, हृदय बाकी आहे. हसतील, हसू देत."

त्याने पहिले वाक्य खोडले. रेघ सरळ आली. दारापाशी जाऊन तो वळला.

"लग्नाआधी मी म्हणालो होतो, माझं काळीज तुझं..."

"तेव्हाही मी यकृतच समजले होते," नळी उजेडात धरून ती म्हणाली. "हृदय हाती येईल ते जाळतं. यकृत दुसऱ्यांसाठी साखर घडवतं. नाहीतर हो म्हटलं असतं का?"