चार चमचे मीठ

"आजोबा, एकच पुस्तिका चाळीसदा कशाला जमवलीत? विसरायला होतं का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिने विचारून टाकलं आणि लगेच जीभ चावली. जुन्या जाहिरातींच्या प्रदर्शनात, बेकिंग पावडरच्या डब्यासोबत फुकट मिळणाऱ्या पाककृतींच्या पुस्तिका मांडून बसलेले आजोबा खो खो हसले.

"मुखपृष्ठ वाच."

हसऱ्या बाईच्या हातात टम्म फुगलेला केक, खाली ठसठशीत अक्षरं: ‘पहिल्याच खेपेला फत्ते!’

तिचं तोंड आंबट झालं. गेल्या महिन्यात तिचा पहिलावहिला केक असा काही झाला, की बाबा अजून विचारत होते, "ही वीट कुठल्या भिंतीत बसवू?" त्या दिवसापासून तिने ओव्हनचं नाव टाकलं होतं.

"आता पान सहा," आजोबा म्हणाले. "छापखान्याने चिमूटभर मिठाचे चार चमचे करून ठेवले. आणि लोकांनी इमानेइतबारे घातलं की!"

ती एकेक पुस्तिका उघडत गेली. प्रत्येकीच्या समासात वेगळं अक्षर. ‘मेलं ते मीठ!’ ‘कुत्र्यानेही तोंड फिरवलं.’ ‘पाहुण्यांसमोर नाक कापलं गेलं.’ आणि एकीत गोल गोल, शाळकरी अक्षर: ‘माझा पहिला केक. बाबांनी तरी दोनदा मागून घेतला.’

घरात पाऊल टाकताच तिने जाहीर केलं, "आईबाबा, ठरलं! शनिवारी केक मी करणार. आणि बाबा, कसाही झाला तरी तुम्ही दोनदा मागून घ्यायचा!"