झाकलेलं ताट

“दाबलं मी. खोटं कशाला बोलू?” आचारी म्हणाला. हात पुसायच्या फडक्याला तो पीळ देत उभा होता. “मुलीचा निकाल लागला, इथे बघा, असं फोनवर आलं. निकालाची तारीखही तीच होती. दाबलं.”

जेवणघरातल्या लांब टेबलाशी जहाजावरची सगळी माणसं बसली होती. भर दुपार होती, पण कुणाच्या हाताला काम नव्हतं. तीन दिवस यंत्रांचे पडदे काळे होते. समुद्रात बावीस ठिकाणी थांबून पाण्याच्या ज्या नोंदी जमवल्या, त्यांना कुणीतरी कुठूनतरी कुलूप घातलं होतं. उपग्रहावरून किनाऱ्याशी बोलणंही बंद. ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढंच काय ते जुन्या रेडिओवरून कळवलं होतं. कॅप्टनने अहवालसुद्धा हाताने लिहिला होता.

“मामा, नियम तुम्हाला ठाऊक आहे,” कॅप्टन हळू आवाजात म्हणाला. आचाऱ्याला सगळे मामाच म्हणत. “पुढच्या बंदरात उतरावं लागेल. तुमच्या नोकरीच्या पुस्तकात शेरा पडेल. मग दुसरं जहाज मिळणं कठीण.”

“पडू दे, साहेब. माझ्या एका बोटाने एवढ्या जणांचं काम बुडालं.”

या सफरीसाठी दोन वर्षं थांबलेल्या शास्त्रज्ञ बाई मामांकडे बघतच नव्हत्या. त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होत्या. तिथे जहाजाचे संगणक इंजिनियर बसले होते. त्यांना सगळे बुवा म्हणत. दर रविवारी जेवणाआधी ते पासवर्डवर निरूपण करायचे, चोरांच्या गोष्टी सांगत सांगत रंगात यायचे आणि “अनोळखी हाक आली तर?” असं विचारायचे. मग सगळं जेवणघर एका सुरात ओरडायचं, “दार उघडू नका!”

“बुवा, मला एक कळत नाही,” बाई म्हणाल्या. “आमचे फोन एका जाळ्यावर, यंत्रं दुसऱ्या जाळ्यावर. मधून मुंगीसुद्धा जाणार नाही, असं तुम्हीच सांगायचात. मग मामांच्या फोनातली कीड यंत्रांत शिरली कुठून?”

“तपासतोय,” बुवा म्हणाले. तीन दिवसांत हा शब्द त्यांनी इतक्यांदा उच्चारला होता, की आता त्यांना स्वतःलाच तो ऐकवत नव्हता.

त्यांच्या खिशात हातभर निळी वायर होती. चार दिवसांपूर्वी घरी आईच्या डोळ्यावरची पट्टी निघायची होती. आधी लेकाचं तोंड बघणार, म्हणून म्हातारी हटून बसलेली. फोनांच्या जाळ्यावर व्हिडिओ कॉलचं चित्र अडकत होतं, यंत्रांची लाइन वेगवान. बुवांनी ही वायर लावून दोन्ही जाळी जोडली. पंधरा मिनिटांपुरती. आईने डोळे भरून पाहिलं, “वाळलास रे” म्हणाली. त्या आनंदात वायर काढायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी मामांनी फोनवर बोट ठेवलं. पडदे काळे झाले, तेव्हा बुवांनी पहिलं काम केलं ते वायर उपसून खिशात घालण्याचं.

“बाई, मला काय ते बोला, बुवांना नका बोलू,” मामा मधेच म्हणाले. “घसा फोडून सांगायचे ते. पुढे बसून सगळ्यात मोठ्यांदा मीच ओरडायचो, उघडू नका, उघडू नका. आणि उघडलं कुणी? मीच! तीन दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा नाही. ताट नेऊन ठेवतो, झाकून ठेवतो. तसंच्या तसं परत येतं. माझ्या पापापायी तो माणूस उपाशी आहे.”

“उपाशी असण्याला तुमचा स्वयंपाकही कारण असू शकतो, मामा,” इंजिनघरातला कुणीतरी म्हणाला. दोघंतिघं हसले आणि लगेच गप्प झाले.

कॅप्टनने अहवालाचा कागद पुढे सरकवला. “सही करा, बुवा. आचाऱ्याच्या फोनवरून कीड आली, असं लिहिलंय. बरोबर आहे ना?”

बुवांनी कागद वाचला. चारच ओळी होत्या. त्यांत एकही शब्द खोटा नव्हता. त्यांना मान वर करवेना.

त्यांनी पेन खाली ठेवलं. खिशातली वायर काढली आणि कागदावर ठेवली.

कुणालाच काही उमगलं नाही. टेबलावर काही पडलेलं मामांना कधी बघवायचं नाही. ते पुढे झाले, वायर उचलली, बोटांवर गुंडाळून तिचं नीट वेटोळं केलं. “तुमची ना ही? हरवेल हो.”

“माझीच,” बुवा म्हणाले. “बाई, कीड गेली ती हिच्यातून. मी लावली होती. ही नसती, तर मामांच्या फोनातलं फोनातच राहिलं असतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं मला.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कॅप्टनने कागद ओढून घेतला आणि ‘आचाऱ्याच्या’ या शब्दावर पेन टेकवलं, पण लिहिलं काहीच नाही. जहाज एका बाजूला कललं, पुन्हा सरळ झालं.

मामा हातातल्या वेटोळ्याकडे बघत राहिले. मग बुवांकडे. आता जे काही कानांवर पडेल, ते पदरात घ्यायचं, म्हणून बुवा मान घालून बसले होते.

“म्हणून ताट परत येत होतं होय,” मामा म्हणाले.

वायर त्यांनी बुवांसमोर ठेवली. हात फडक्याला पुसले आणि ते आत गेले. थोड्या वेळाने आतून ताट ठेवल्याचा आणि पातेल्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला.