गळका नळ

"म्हणजे आता नळसुद्धा तुम्हीच बसवणार, ताई?" भावजयीने विचारलं. हसू लपवण्याचेही कष्ट तिने घेतले नाहीत.

ताई चपला काढत होत्या. कोपराला चुना लागला होता, नखांत माती होती. दर शनिवारी त्या एका शाळेच्या रिकाम्या वर्गात घरदुरुस्ती शिकायला जात. ओल्या कचऱ्याचं खत, धुण्याच्या पाण्यावर भाजी, नळ, फ्यूज, भिंतींचे पोपडे. जमणारी सगळी रिकामटेकडी डोकी, पृथ्वी वाचवायला निघालेली. नोकरी संपली की माणसांना असले डोहाळे लागतात, असं भाऊ म्हणे.

ताई त्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, निवृत्तीपर्यंत नोकरी केली, भावाकडेच राहिल्या. सकाळचा स्वयंपाक त्यांचा, संध्याकाळचाही त्यांचाच. त्याबद्दल भावाने उदार मनाने त्यांना एक खोली दिली होती. आता ती परत हवी होती.

"मुलाला अभ्यासाला खोली लागणार," तो म्हणाला. "तू बाल्कनीत झोप. उजेडही छान येतो तिथे."

ताई नखांतली माती काढू लागल्या.

"रविवारपर्यंत थांबशील? रविवारी माझा नंबर आहे."

क्लासची पद्धतच तशी होती. शिकून झालं की सगळी टोळी हत्यारं घेऊन एकेकाच्या घरी जाई आणि राहिलेलं काम हातावेगळं करी.

"अगं बाई! मग आधी हा नळ बघा," भावजय म्हणाली. स्वयंपाकघरातला नळ कधीचा टपटपत होता. "एवढा क्लास करून एक वायसर बदलता येऊ नये?"

"ज्याचं घर, पहिला हात त्यानेच लावायचा. तिथला नियम आहे."

"घ्या! म्हणजे हेही मीच करू!"

भाऊ खो खो हसला. "ताई, बल्ब बदलताना तुझे हात कापतात. एकटी राहिलीस तर दोन दिवसांत अंधारात बसशील."

ताईंनी भाजी चिरायला घेतली.

रविवारी भावजयीने शेजारणीला मुद्दाम बोलावून घेतलं. असली गंमत एकटीने काय बघायची! ताई सकाळीच बाहेर पडल्या होत्या. टोळीला आणायला गेल्या असणार. चांगल्या कपबश्या कपाटात गेल्या. भावाने गालिचा गुंडाळून ठेवला. हात रिकामेच होते, म्हणून त्याने ताईंची खाट उचलून बाल्कनीत नेऊन टाकली. मागोमाग ट्रंकही नेली. ती एका हाताने उचलली गेली.

"हिचं आहे तरी काय!" तो म्हणाला.

दुपार उलटली. कोणी फिरकलं नाही. शेजारीण जांभया देऊ लागली. स्वयंपाकाचं कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे भावजयीचं डोकं फिरलं होतं. शेवटी भावाने क्लासच्या बाईंना फोन लावला.

"अहो, आम्ही इथे ताटकळत बसलोय. आमच्या घराचा उद्धार करायला कधी येताय?"

पलीकडून हातोडीचे ठोके ऐकू येत होते, आणि कोणीतरी मोठ्याने हसत होतं. तो आवाज ताईंचा आहे हे ओळखायला त्याला वेळ लागला.

"तुमच्या घराचा?" बाई गोंधळल्या. "आम्ही सकाळपासून ताईंच्या घरी आहोत. नळ, दिवे, भिंती सगळं त्यांनी आधीच करून ठेवलं होतं. आम्ही सामान लावलं, आता दाराला आतून कडी तेवढी बसवतोय."