केतनचं चालान

“पीली बत्ती पर क्या करेंगे, दादा?”

“थांबायचं. म्हणजे, रुकना है,” गुलाबराव म्हणाले.

वर्गात सतरा जण होते. बाकी सगळी पोरं, त्यांच्या मुलाच्या, केतनच्या वयाची. सदुसष्ट वर्षांचे एकटे गुलाबराव. एकतीस वर्षं त्यांनी खमरियाच्या कारखान्याची बस चालवली, कोणाला कधी ओरखडा नाही, आणि आता ट्रॅफिकवाल्यांच्या बाकावर बसून सिग्नल शिकून राहिले होते. लाज वाटायला पाहिजे होती. वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं.

करणी पोराची होती. ओमतीच्या चौकात महिन्याभरात तीनदा लाल सिग्नल तोडला, तिन्ही वेळा कॅमेऱ्यात सापडला. मेसेज केतनच्या मोबाईलवर येत राहिले, आणि पठ्ठ्यानं घरात अवाक्षर काढलं नाही. शेवटी पोस्टानं नोटीस आली तेव्हा कळलं. जो चालवत होता त्यानं दोन दिवस वर्गाला बसावं, नाहीतर लायसन्स जाईल.

लायसन्सचं एवढं काही नव्हतं. केतनला कारखान्यात नोकरी लागून राहिली होती. चार वर्षं घासली होती त्यानं. फक्त पोलीस व्हेरिफिकेशन बाकी. नेमकं आत्ताच पोलिसांच्या कागदावर नाव चढलं म्हणजे झालंच कल्याण!

“गाडी माझ्या नावावर आहे,” गुलाबराव त्या दिवशी जेवताना म्हणाले. “मीच चालवत होतो म्हणून सांगतो.”

केतन मान खाली घालून पोळी चिवडत होता. “बाबा, तुम्ही नका जाऊ. मी बघतो ना.”

“तू काय बघशील? करून बसला न बे? आता चूप राह्य.”

केतन ताट उचलून आत गेला. कबूल करायची हिंमत नाही, नाही म्हणायलाही तोंड नाही. गुलाबरावांना पोराची कीव आली.

ट्रॅफिकच्या ऑफिसात वाद होईल, तुम्ही या वयात सिग्नल तोडता काय म्हणून विचारतील, असं त्यांना वाटलं होतं. बाबूनं कागद पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं, नाव लिहून घेतलं. एक प्रश्न नाही. उभ्या जन्मात पोलिसांसमोर पहिल्यांदा खोटं बोलले, आणि ते असं सहज खपलं.

तेव्हापासून केतन भलताच गुणी झाला होता. स्कूटरची चावी स्वतःच्या खिशात. विचारलं की म्हणायचा, सर्व्हिसिंग करायची आहे. दोन्ही दिवस वर्गाच्या दारापर्यंत सोडायला आला. “इथंच थांबा, बाबा. मी आल्याशिवाय कुठं जाऊ नका.” चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा आला.

“इकतीस साल बस चलाई मैंने,” गुलाबराव शेजारच्या पोराला म्हणाले.

“हां अंकल, बताया था आपने,” पोरगं मोबाईलमधून डोकं न काढता म्हणालं. आजकालच्या पोरांना म्हाताऱ्याचं ऐकायचंच नसतं.

वर्ग संपला. शिकवणाऱ्या साहेबांनी एकेकाला बोलावून सर्टिफिकेट दिलं. गुलाबरावांना मात्र त्यांनी खुर्ची दिली.

“दादा, बेटा आपका बड़ा भला है.”

“हो जी.”

“तीन बार आया मेरे पास. हर बार बोला, साहब, गाड़ी मैं चला रहा था, मेरा नाम लिखो.”

 दोन दिवसांत पहिल्यांदा गुलाबरावांना काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती. मूर्ख पोरगं! बापानं एवढं झाकलं आणि हा स्वतःच येऊन कबूल करून गेला. गेली नोकरी.

“लिहिलं काय, साहेब?” ते घाईनं म्हणाले. “उसका नाम लिखा क्या?”

“कैसे लिखते, दादा?”

साहेबांनी फाईल उघडली आणि ओमती चौकातले तिन्ही फोटो त्यांच्यासमोर ठेवले. एकही धूसर नव्हता. तिन्ही फोटोंत, लाल दिव्याखाली, स्कूटरवर गुलाबराव बसले होते.