एक जंगी उघडी

मंगरूळपीर रस्त्यावरची पलटणीची जुनी चौकी बालवाडीसाठी दुरुस्त होत होती. भिंतीतल्या जंग्या, म्हणजे बंदुका रोखायच्या अरुंद फटी, देवमन मिस्त्री विटांनी बुजवत होता. आत साप-विंचू शिरायला नकोत म्हणून सुमित्रानंच सरपंचांच्या मागे लागून ते काम काढलं होतं. पण शेवटच्या जंगीपाशी तीच आडवी आली.

"ही एवढी राहू द्या, देवमनभाऊ. मला इथून शीलूवर लक्ष ठेवता येईल."

"इतक्या शिकल्या तुमी बाई, अन् लेकीचा घोर काई सुटत नाई!" देवमन हसला, पण जंगी राहिली.

बालवाडीच्या पहिल्याच दिवशी सुमित्रानं जंगीला डोळा लावला. आत नुसता अंधार. शीलूचं रडणं मात्र थांबता थांबत नव्हतं. तासभर सुमित्रा तिथून हलली नाही.

शेवटी बालवाडीच्या बेबीताई बाहेर आल्या. "काहून उभ्या राह्यल्या बाई इथं? तुमचं तोंड दिसून राह्यलं, म्हणून तर रडून राह्यली ते."

"मी दिसते? मला तर आतलं काहीच दिसत नाही."

ओट्यावर चुना कालवत बसलेला देवमन म्हणाला, "पलटणीचं काम हाय ते. जंगी आतून रुंद, बाहीरून बारीक. आतल्याले समदं दिसते, बाहीरच्याले काईच नाई."

सुमित्रा भिंतीपासून बाजूला सरकली. थोड्या वेळानं आतलं रडणं थांबलं. तिनं पदरानं डोळे पुसले.

"भाऊ, उद्या मी यायच्या आत ही बुजवून टाका."