वापस

उतरताना तिसऱ्या पायरीवर जालिंदरचा डावा गुडघा पुढे ढकलला गेला आणि तो कठडा धरून मटकन खाली बसला. आठवड्यातली दुसरी वेळ. यार्डातले ग्राइंडर क्षणभर थांबले, मग पुन्हा सुरू झाले.

सेफ्टी ऑफिसर प्रतापसरांनी हातातली फाईल मिटली. त्यांनाही यात आनंद नव्हता. “गुरुवारी शेवटचं बघू, जालिंदर. यार्डाला एक फेरी, दहा पायऱ्या वर, दहा पायऱ्या खाली. पडलास तर माझ्या हातात काही नाही. भारतात वापस पाठवावं लागेल.”

फोरमन महिपतीअण्णांनी त्याला बगलेत हात घालून उठवलं. “शिबिरातला पाय न् कंपनीचा बूट,” ते म्हणाले. “सोयरीक जमंना बघ.”

जालिंदरला हसू आलं नाही. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर गावी गेला असताना मोटारसायकलच्या अपघातानंतर त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जिल्ह्याच्या शिबिरात रबराचा पाय मिळाला. अण्णांनी शब्द टाकला म्हणून कंपनीनं परत घेतलं. वेल्डिंग सुटलं, टूल-रूम मिळाली. बूट मात्र सगळ्यांसारखेच घालावे लागत. पोरगी, सोनम, यंदा बारावीला होती. बापाला परत लावून दिलं, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

आखातातल्या त्या शहराच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचा कामगारांचा कॅम्प होता. त्याच्या गेटवर एक गार्ड होता. त्याचा देश कुणी विचारला नव्हता. सगळे त्याला ‘आफ्रिका’ म्हणत. त्याला हिंदीचे चारच शब्द येत. कार्ड, जल्दी, बस, वापस. सकाळी दीडशे माणसं बसकडे जात, तेव्हा तो मान वर करत नसे. जालिंदर दिसला की मात्र उठून उभा राही.

“कार्ड.”

कार्ड बघून झालं की तो लांबच्या नळाकडे बोट दाखवी. “वापस.” जालिंदर नळापर्यंत जाई, परत येई. तो पुन्हा म्हणे, “वापस.” बसमधून लोक ओरडत, “यल्ला, चल लवकर, जालिंदर! आफ्रिकेचा जीव जडलाय तुझ्यावर!” तीन आठवडे हेच चाललं होतं. गेटवरच्या माणसाशी वाद घालून चालत नाही, म्हणून जालिंदर गप्प चाले.

बुधवारी त्याच्यानं राहवलं नाही. “वापस, वापस! सगळ्या जगाला मलाच वापस धाडायचंय का रे?” तो मराठीतच ओरडला.

गार्डला ‘वापस’ तेवढं कळलं असावं. तो काही वेळ जालिंदरच्या बुटाकडे पाहत राहिला. मग इंग्रजीत बोलला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

“खोलीत पडतोस?”

जालिंदरनं आठवून पाहिलं. “नाही.”

“खोलीत बूट घालतोस?”

“खोलीत कोण बूट घालतं?”

गार्डनं मान हलवली. त्यानं जालिंदरला खुर्चीत बसवलं, बूट काढून घेतला आणि ओळखपत्र बुटाच्या टाचेला आडवं लावून पेनानं एक रेघ मारली. “हा पाय अनवाणी माणसासाठी बनवलाय. चपटा. बुटाला टाच आहे. टाच नडगीला पुढे ढकलते, नडगी गुडघ्याला. चूक पायाची नाही, तुझीही नाही. या रेघेपर्यंत टाच घासून टाक. दोन्ही बुटांची. एकाचीच घासलीस तर लंगडशील.”

“मग तीन आठवडे का बोलला नाहीस?”

“खात्री नव्हती. आणि गार्डनं माणसाच्या पायाला हात लावायचा नसतो.”

दुपारी अण्णांनी दोन्ही बूट ग्राइंडरवर धरले. जळक्या रबराचा वास टूल-रूमभर पसरला. “म्हंजे मी बोललो ते खरंच होतं की रं,” अण्णा दोनदा म्हणाले.

गुरुवारी जालिंदरनं यार्डाला फेरी मारली. दहा पायऱ्या चढला. उतरताना तिसऱ्या पायरीवर थांबला, कठड्यावरचा हात काढला आणि उरलेल्या पायऱ्या तसाच उतरला. प्रतापसरांनी सही केली. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, आणि मगच जालिंदरच्या लक्षात आलं की सरही श्वास रोखून उभे होते.

संध्याकाळी बसमधून उतरल्यावर तो सगळ्यांना पुढे जाऊ देत मागे राहिला. गेटच्या खोलीत गार्ड भिंतीला टेकून बसला होता. बारा तासांची ड्यूटी त्याच्या डोळ्यांत उतरली होती. त्यानं मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता.

“पास झालो,” जालिंदर म्हणाला. “शुक्रन,” त्यानं अरबीत आभार मानले. “तुझं नाव काय?”

“चिसोमो. मलावी.” त्यानं मोबाईलवरची नजर हलवली नाही. फक्त शेजारच्या खुर्चीकडे हात केला.

जालिंदरनं वाकून पाहिलं. पडद्यावर तांबड्या मातीचं अंगण होतं. दहा-बारा वर्षांची एक मुलगी झग्याचा घोळ वर धरून चालत होती. तिचा उजवा पाय लाकडाचा होता. ती कॅमेऱ्यापर्यंत आली. चिसोमो त्याच्या भाषेत एकच शब्द बोलला. मुलगी वळली, झाडापर्यंत गेली, परत आली. तो पुन्हा तोच शब्द बोलला.

जालिंदरला त्या शब्दाचा अर्थ विचारावा लागला नाही.

तिच्या मागे, भिंतीच्या सावलीत, आणखी सात-आठ माणसं बसलेली दिसत होती. कुणाच्या मांडीवर कुबड्या होत्या.

“तिकडं ह्यांचे पाय बघणारं दुसरं कुणी नाही?” जालिंदरनं विचारलं.

“आमच्या जिल्ह्यात पाय बसवणारा एकच माणूस आहे,” चिसोमो म्हणाला. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “त्याची ड्यूटी इथं सहाला संपते.”