गार हात

अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून नवऱ्याला रक्ताची उलटी झाली होती. दवाखान्यात इंजेक्शन सुरू झालं आणि थोड्याच वेळात त्याचे हात गार पडले. तिचा धीरच सुटला.

"सिस्टर, हे चालले हो!"

"नाही हो काकू. औषध शिरा आवळतंय, म्हणून हात गार लागतात. रक्त थांबतंय त्यानंच."

तरी पाखराचं पिल्लू धरावं तसे ते हात ओंजळीत धरून ती चोळत बसली.

रक्त थांबलं, औषध बंद झालं. त्याने डोळे उघडले.

"अगं, सोड की आता, कातडी निघेल माझी. कधीचे गरम झालेत हात."

"तुमचे झालेत हो," ती म्हणाली, "माझे कुठे झालेत अजून?"